घरी बांधलेल्या विमानात कूलंट कुठलं भरावं? (रोटॅक्स ९१२, वॉटरलेस की ५०-५०)

सटरफटर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, मी अमेरिकेत फिनिक्सला असतो, गेली पाच वर्षं आमच्या दोन्ही गाड्या बाहेर उन्हात तापतायत आणि गॅरेजमध्ये सावलीला विमान. झेनिथ सीएच ७५०, दोन सीटचं, इंजिन सेकंडहँड रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. फेब्रुवारीत पहिल्यांदा उडालं (पेढे इथे वाटता येत नाहीत, मानून घ्या).

तर विषय असा. रोटॅक्सचं सिलिंडर हवेवर थंड होतं पण हेडं (सिलिंडरची वरची झाकणं) पाण्यावर, म्हणजे गाडीसारखंच रेडिएटर, पंप, होजपाईप सगळं आलं. फेब्रुवारीत बाहेर २० डिग्री होतं तेव्हा क्लाइंबमध्ये (वर चढताना) कूलंट ९६ पर्यंत जायचं. परवा बाहेर ३८ होतं, क्लाइंबमध्ये काटा ११८. कंपनीची मर्यादा १२०. जुलैत इथे ४५ होतं हो. वरून ओव्हरफ्लोची बाटली प्रत्येक फ्लाइटनंतर भरलेली दिसते आणि गार झाल्यावर ते परत आत ओढलं जात नाही.

एअरपोर्टवर दोन गट आहेत. एक म्हणतो सगळं काढून वॉटरलेस (पाणी नसलेलं कूलंट) भर, ते १८० च्या पुढेच उकळतं, टेन्शन संपलं. दुसरा म्हणतो वॉटरलेसच्या नादी लागू नकोस, साधं ५०-५० (अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल) भर. मी मेकॅनिकल नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, मला दोघांचंही पटतं. काय भरू?

चहाटळ

ताक भरून बघा. उन्हाळ्यात आम्ही तेच पितो.

पाना_नं_दहा

सटरफटर साहेब विमानातलं मला कळत नाही, पुण्यात गॅरेज आहे २२ वर्षं, पण रेडिएटर म्हणजे रेडिएटर. आधी सांगा आत्ता आत काय आहे? रंग सांगू नका, रंगाला काडीचा अर्थ नाही, एकाचं हिरवं ते दुसऱ्याचं गुलाबी. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, हिरवं होतं हिरवंच टाका म्हणतं, अरे पण आत कुठल्या जातीचं अ‍ॅडिटिव्ह आहे ते रंगावरून कसं कळणार. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं आणि नवीन ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं एकत्र केलं की कधी काहीच होत नाही आणि कधी साय धरते.

दुसरं, रेडिएटरची कॅप (प्रेशर धरणारं झाकण) तपासली का? बाटलीत येतंय आणि परत जात नाही म्हटल्यावर माझा हात पहिला कॅपवर जाईल.

सटरफटर

पाना दादा, आत काय आहे ते खरंच माहीत नाही. ज्यांच्याकडून इंजिन घेतलं ते म्हणाले होते नुकतंच बदललंय, निवांत उडवा. आज तुमचं वाचून बाटली काढून उन्हात धरली तर तळाला चॉकलेटी साय आहे, बोटाला घेतली तर गुळगुळीत, चिखलासारखी पण नाही आणि तेलासारखी पण नाही. एका होजच्या क्लिपखाली गुलाबी खरपुडी धरलीये आणि बाटलीतलं पाणी मात्र हिरवट. म्हणजे दोन जाती एकत्र नांदतायत असं दिसतंय.

पाना_नं_दहा

झालं मग. वॉटरलेस का ५०-५० हा प्रश्न नंतर, आधी ते सगळं ओता. आणि ओतलेलं झाकून ठेवा हां, ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. आमच्या गॅरेजमधलं एक मांजर असंच गेलं, तेव्हापासून ट्रे उघडा ठेवला तर पोराला शिव्या घालतो.

वाफाळ

ठाण्याहून लिहितेय, केमिकल इंजिनिअर आहे, उष्णता इकडून तिकडे नेणं हाच पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे थोडं लांब लिहीन, चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे "कधी उकळतं" आणि "किती उष्णता वाहून नेतं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या एअरपोर्टवरचे लोक त्यांची खिचडी करतायत. एक किलो पाणी एक डिग्री तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. ५०-५० ला साधारण ३.४. निव्वळ ग्लायकॉलला २.४ च्या आसपास. वॉटरलेस म्हणजे शेवटी ग्लायकॉलच, पाणी वगळून. म्हणजे तोच पंप, तेच रेडिएटर, तेवढाच फ्लो ठेवला तर ते दर फेरीला कमी उष्णता उचलणार, त्यात ते घट्ट असतं म्हणून फ्लोही थोडा कमी होणार. हेड आणखी तापणार. ते उकळणार नाही हे खरं, पण तुमचा त्रास उकळण्याचा आहे की तापण्याचा? १२० ची मर्यादा ५०-५० साठी आहे, वॉटरलेस भरलं तर कंपनी हेडचं तापमान बघायला सांगते, आणि यूएलएसला ती मर्यादा १३५ आहे. अ‍ॅल्युमिनियम त्यापुढे मऊ पडायला लागतं, कूलंट उकळो न उकळो.

आता वॉटरलेसवाल्यांचा मुद्दा पण खरा आहे, तो सांगते. तव्यावर घावन घालायच्या आधी आपण पाणी शिंपडतो ना, तवा बेताचा तापला असेल तर थेंब चुर्र करून लगेच उडून जातो. तवा फार तापला तर थेंब मोत्यासारखे नाचत राहतात, उडतच नाहीत, कारण खाली वाफेची गादी तयार होते आणि ती गादी उष्णता वर जाऊ देत नाही. हेडच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास हेच होऊ शकतं. चुर्र होणारे बारीक बुडबुडे चांगले असतात, ते तर जास्त उष्णता घेऊन जातात. गादी झाली की मेलात. पाण्याला गादी लवकर होते, वॉटरलेसला होत नाही. पण म्हणून सिस्टिमला प्रेशर देतात, म्हणजे बुडबुडे चुर्रवरच थांबतात.

आणि एक हिशेब. तुमच्या इंजिनात कूलंटला थर्मोस्टॅट नसेल (बहुतेकांत नसतो) तर बाहेर एक डिग्री वाढली की आत ढोबळमानाने एकच डिग्री वाढते. फेब्रुवारी ते आता बाहेर १८ ने वाढलं. ९६ अधिक १८ म्हणजे ११४. तुम्हाला ११८ दिसतंय. वरचे चार कुठून आले?

सटरफटर

वाफाळ ताई दंडवत. तव्याचं वाचून बायको म्हणाली हे मला पण कळलं, तुझं पहिल्यांदाच.

वरचे चार कुठून आले ते माहीत नाही, म्हणजे मला वाटत होतं असंच असतं.

ढगातला

जर्मनीत क्लबचं अल्ट्रालाइट उडवतो, तेच ९१२. सटरफटर तुझ्याकडे कूलंटचा सेन्सर आहे की हेडचा? हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या हेडांना सेन्सर धातूत असतो, २०१३ च्या आसपासपासूनच्या नवीन हेडांना कूलंटमध्ये. का विचारतोय ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी एकटाच, दोन हजार फुटावर, मस्त संध्याकाळ, कूलंट ८८ वर होतं ते बघता बघता ७० वर आलं मग ६०. मी येडा खूश, म्हटलं वा हवा गार झाली. मग एक गोडसर वास आला, जळक्या गुळासारखा, आणि काचेवर खालच्या कोपऱ्यात धुकं. होजची क्लिप सैल होऊन सगळं कूलंट पडून गेलं होतं आणि सेन्सर रिकाम्या जागेत हवा मोजत बसला होता. गेज थंड दाखवतंय आणि हेड भाजतंय. पॉवर कमी केली, सुदैवाने धावपट्टी समोरच होती, उतरलो. क्लिप मीच लावली होती, दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नाही.

तेव्हापासून मी कूलंटचं प्रेशर दाखवणारा सेन्सर पण लावलाय. तापमान खोटं बोलू शकतं पण प्रेशर पडलं म्हणजे पडलं. सुबारू गाडीचं इंजिन किंवा मझदाचं रोटरी इंजिन विमानात बसवणारे लोक तर हे प्रेशर गेज आधी लावतात.

सटरफटर

माझी जुनी हेडं आहेत, दोन आणि तीन नंबरला धातूत सेन्सर, आणि कूलंट बाहेर येतं तिथे मी एक वेगळा लावलाय. ११८ तो कूलंटचा. हेड १२४ होतं. प्रेशरचा आजच ऑर्डर करतो, तुझं वाचून पोटात गोळा आला.

इतिहासकिडा

थोडं अवांतर करतो. हे भांडण ९० वर्षं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर विमानाच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनात निव्वळ ग्लायकॉल भरायचे, आजच्या वॉटरलेसचा आजोबाच. कारण साधं, जास्त तापमानाला चालवता येतं मग रेडिएटर लहान बसतं, लहान रेडिएटर म्हणजे हवेची कमी ओढ (ड्रॅग). पण इंजिन तापून चालायचं, ग्लायकॉल बारीक फटीतून गळायचं आणि पेटायचं. मग ७० टक्के पाणी ३० टक्के ग्लायकॉल आणि वर प्रेशर असा मार्ग काढला, पुढची मर्लिनं त्यावर चालली आणि जास्त टिकली.

त्याच्याही आधी रोल्स रॉइसने गॉसहॉक इंजिनात पाणी मुद्दाम वाफ होऊ देऊन ती वाफ पंखात गार करायचा प्रयोग केला. स्पिटफायरचा डिझायनर मिचेल, त्याचं स्पिटफायरच्या आधीचं विमान टाइप २२४, १९३४ चं, त्यावरच होतं. वाफेचं पाणी झालं की ते उकळत्याच्या काठावर असायचं, पंपाने ओढलं की परत वाफ, पंप कोरडा. विमान पडेल ठरलं (शब्दशः नाही).

आणि रेडिएटरवाल्यांनी १९३५ मधलं मेरेडिथ या ब्रिटिश संशोधकाचं काम माहीत करून घ्यावं. हवा अरुंद तोंडातून आत घ्यायची, आत डक्ट (हवेची वाट) रुंद करून तिचा वेग कमी करायचा, रेडिएटरमधून न्यायची आणि मागून पुन्हा अरुंद करून सोडायची. तापलेली हवा मागे जोरात जाते आणि रेडिएटरची ओढ बरीचशी फिटते. मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पोटाखालचा तो डबा उगाच नाहीये.

चहाटळ

म्हणजे भांडण कूलंटचं नसून डब्याचं आहे.

वाफाळ

चहाटळ गंमतीत बोलले पण मी तेच विचारणार होते. सटरफटर, रेडिएटरच्या समोर आलेली सगळी हवा रेडिएटरमधूनच जाते का? हवा आळशी असते, बाजूला बोटभर फट दिली तरी ती जाळीतून जायचे कष्ट घेत नाही.

पाना_नं_दहा

आणि कॅप तपासा ओ, दोनदा सांगितलं.

सटरफटर

(तीन दिवसांनी)

रिपोर्ट. शनिवारी पहाटे पाचला गॅरेजला गेलो कारण सातनंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

आधी कॅप. पार्ट्सच्या दुकानातून डिपॉझिट भरून हातपंपाचा टेस्टर आणला. कॅपवर १.२ बार (प्रेशरचं एकक) लिहिलंय. पंप मारला, ०.७ ला फुस्स. पुन्हा केलं, पुन्हा ०.७. खालची रबराची चकती कडक होऊन तडकलीये, परत ओढणारा छोटा व्हॉल्व्ह चिकटून बसलाय. पाना दादा, तुमचे पाय कुठे आहेत.

मग काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून डोकं आत घातलं. रेडिएटर आणि डक्ट यांच्यामध्ये मी फोमची पट्टी लावली होती, स्वतःच, मोठ्या कौतुकाने. डाव्या बाजूची पट्टी गोंद वितळून खाली लोंबतेय, फट दोन बोटं, जवळजवळ वीतभर लांब. बॅटरी मारून बघितली तर रेडिएटरच्या उजव्या बाजूला माश्या किडे चिकटलेत आणि डावीकडे जाळी नव्यासारखी चकचकीत. किड्यांनी सांगितलं हवा कुठून जातेय ते!

ताई, हे तुमचे वरचे चार.

वाफाळ

किड्यांचं निरीक्षण फार आवडलं.

०.७ च्या कॅपचं गणित बघा आता. कॅपचं प्रेशर बाहेरच्या हवेच्या वर मोजतात, कुकरच्या शिट्टीसारखं. म्हणून महाबळेश्वरला त्याच कुकरमध्ये डाळीला जरा जास्त वेळ द्यावा लागतो, शिट्टी तीच पण बाहेरची हवा विरळ. तुम्ही फ्लॅगस्टाफला जाता म्हणालात ना मागे, तिथली धावपट्टी ७००० फुटावर आहे, तिथे बाहेर साधारण ०.७८ बार. त्यात तुमची कॅप ०.७, एकूण दीडच्या थोडं खाली, पाणी १११ ला उकळणार, ५०-५० सात-आठ डिग्री वर म्हणजे ११९. तुम्ही ११८ ला होतात. चांगली १.२ ची कॅप असती तर तिथेही पाण्याला १२० आणि मिश्रणाला १२७ मिळाले असते. समुद्रसपाटीला तर निव्वळ पाणीसुद्धा १२३ पर्यंत कळ काढतं.

म्हणजे कूलंट बदलून जे मिळवायचं म्हणत होतात त्यातलं बरंचसं एका रबरी चकतीत अडकलं होतं.

ढगातला

मग आता ५०-५० च भर असं माझं मत. वॉटरलेस वाईट नाही, आमच्या क्लबात एक जण वापरतो, त्याला प्रेशर कमी लागतं, होजवर ताण नाही. पण एक तर ते भरायच्या आधी जुनं पाणी पार काढावं लागतं, ३ टक्क्यांच्या आत, त्याचं वेगळं धुवायचं लिक्विड येतं, रिफ्रॅक्टोमीटरने (पाणी किती उरलंय ते दाखवणारं यंत्र) तपासायचं, आणि तुझ्या सिस्टिममध्ये साय झालीये. दुसरं म्हणजे एखाद्या आडगावच्या धावपट्टीवर गळती झाली तर तिथे वॉटरलेस कोण देणार? ५०-५० असेल तर बाटलीतलं प्यायचं पाणी घालून निदान घरी येता येतं. वॉटरलेसमध्ये पाणी घातलंस की ते वॉटरलेस राहिलंच नाही.

आणि आग. निव्वळ ग्लायकॉलची वाफ १११ डिग्रीलाच पेट घेऊ शकते. आपला एक्झॉस्ट लाल होतो. मिश्रण पडलं तर आधी पाणी उडतं, मग मागे राहिलेलं ग्लायकॉल तेही पेटू शकतं, तेव्हा ५०-५० म्हणजे अग्निशमन असं समजू नकोस, पण थोडा वेळ मिळतो.

रिकामटेकडा

मग पाणीच का नाही भरत सगळं? सगळ्यात जास्त उष्णता तेच नेतं म्हणालात ना ताई.

वाफाळ

नेतं. रेसवाले भरतात पण. पण गंज कोण थांबवणार, पंपाच्या सीलला वंगण कोण देणार, आणि फ्लॅगस्टाफला जानेवारीत रात्रभर विमान बाहेर राहिलं तर बर्फ होऊन हेड फुटेल. ५०-५० साधारण उणे ३७ पर्यंत तग धरतं. गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, पाण्याची सोबत असेल तरच दोघं टिकतात. लग्नात सांगायला बरं उदाहरण आहे.

पाणी मात्र डिस्टिल्डच. फिनिक्सचं नळाचं पाणी भयंकर कठीण आहे, फॉस्फेटवालं कूलंट असेल तर हेडच्या आत चुना बसेल.

पाना_नं_दहा

किंवा तयार मिसळलेलं घ्या, भानगडच नको. आणि ट्रकवालं नाही घ्यायचं, डिझेलच्या काही कूलंटमध्ये नायट्राइट असतं, ते लोखंडाला चांगलं, अ‍ॅल्युमिनियमला नाही.

मोहरीदाणा

सगळा धागा एका दमात वाचला, विमान कधी जवळून पाहिलं पण नाही. भारतात असं घरी बांधता येतं का हो?

इतिहासकिडा

येतं, चिकाटी पाहिजे. कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवा, नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि त्याआधी कित्येक वर्षं कागदांच्या मागे गेली. बाकी रोटॅक्स ९१२ आपल्याकडे नवीन नाही. एनसीसीच्या पोरांना उडवायला जी पिपिस्ट्रेल व्हायरस मायक्रोलाइटं घेतली त्यात हेच इंजिन आहे, ८० हॉर्सपॉवरचं.

सटरफटर

(दोन आठवड्यांनी)

शेवटचा रिपोर्ट, मग तुम्हाला सोडतो.

जुनं सगळं ओतलं, डिस्टिल्ड पाण्याने चार वेळा धुतलं, चौथ्यांदा स्वच्छ आलं. पहिल्या दोन वेळा जे आलं ते बघून चहा पिववेना. होजपाईप सगळे नवीन टाकले, पाच वर्षांनी रबर बदलायचंच असतं आणि सेकंडहँड इंजिनाची पाच वर्षं कधी सुरू झाली कुणास ठाऊक. क्लिपा ढगातल्याला स्मरून दोन वेळा आवळल्या. कंपनीचं सूचनापत्र एसआय-९१२-०१६ वाचलं (द्रवपदार्थांबद्दल आहे, झोप येत नसेल तर उत्तम) आणि सिलिकेट नसलेलं, डेक्सकूल जातीचं (ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं) तयार ५०-५० भरलं. एकूण अडीच लिटरच्या आसपास गेलं. हवा काढायला नाक वर करून ठेवलं, इंजिन चालवलं, गार केलं, परत वरपर्यंत भरलं, असं तीनदा. पहिल्या वेळी जवळजवळ कपभर खाली गेलं, तिसऱ्या वेळी काहीच नाही.

कॅप नवीन, टेस्टरवर १.२ ला बरोबर सुटली. फोमऐवजी सिलिकॉनची पट्टी, यावेळी नुसता गोंद नाही, रिव्हेट.

काल बाहेर बरोबर ३८ होतं. तोच क्लाइंब, तेवढाच स्पीड. १०९. बाटलीत किंचित आलं आणि संध्याकाळी परत आत ओढलं गेलं होतं, मी ते बघायला मुद्दाम परत गेलो, बायको म्हणाली आता त्याला झोपू दे. ताईंच्या हिशेबाने ४५ ला ११६ होईल, म्हणजे जुलैत दुपारी उडायचं नाही हे ठरलं. पहाटे उडू.

आता प्रश्न एकच राहिला. ओतलेलं जुनं कूलंट दुधाच्या कॅनमध्ये भरून वरच्या फळीवर ठेवलंय, कचरा घेणारे लोक महिन्यातून एकदाच येतात. आमचं कुत्रं फळीकडे बघत बसतं. मी घाईत कॅनवर मराठीत "विष" लिहिलं, बायको म्हणाली इथे वाचणार कोण, मग मार्करने कवटी काढली, ती बटाट्यासारखी दिसतेय.

पाना_नं_दहा

१०९ झकास. कवटीचा फोटो टाका.

चहाटळ

कुत्र्याला मराठी येतं का ते आधी सांगा.